आधी तारीख, मग रंग

लष्करी गाड्यांच्या प्रतिकृती रंगवणाऱ्यांना आता चिखल विकत मिळतो. युरोपची धूळ, आफ्रिकेची धूळ, व्हिएतनामची माती, रशियाची माती, आखाती युद्धातली वाळू अशा नावांच्या डब्या आणि बाटल्या परदेशी कंपन्या काढतात. गंजाचे ओघळ वेगळे, पावसाचे वेगळे, सांडलेल्या इंजिन ऑइलचे डाग आणखी वेगळे. पहिलंच किट हातात घेतलेला कॉलेजातला मुलगा असो की निवृत्तीनंतर या नादाला लागलेले गृहस्थ, हे सगळं बघून दोघंही हरखतात. एकेक झाकण उघडतं, ब्रश बुडतो, आणि तासाभरात नवाकोरा शर्मन रणगाडा समुद्राच्या तळातून वर काढल्यासारखा दिसू लागतो.

यात हाताचा दोष फारसा नसतो. चुकलेला असतो तो क्रम. हा रणगाडा कुठल्या देशातला, कुठल्या मातीत उभा आहे, कोणत्या महिन्यातला आहे, हे ठरण्याआधीच त्याच्यावर काय फासायचं ते ठरून गेलेलं असतं. या छंदाला ‘वेदरिंग’ हा शब्द चिकटला आहे. ऊन, पाऊस, धूळ आणि माणसांचे बूट यांनी गाडीवर उमटवलेल्या खुणा रंगाने दाखवायच्या, एवढाच त्याचा अर्थ. खुणा दाखवायच्या तर त्या कशामुळे पडल्या, हे आधी माहीत हवं. म्हणून नवशिक्याने पहिली निवड रंगाची करू नये, तारखेची आणि जागेची करावी. बाकीचे निम्मे निर्णय त्यातूनच सुटतात.

जर्मनांचा पँथर रणगाडा घ्या. या छंदातला तो जुना लाडका. नवशिक्यांना जर्मन गाडी म्हटली की गडद राखाडी रंग आठवतो. पण जर्मन लष्कराने फेब्रुवारी १९४३ मध्ये गाड्यांचा मूळ रंग राखाडीवरून गडद पिवळा केला आणि पँथर पहिल्यांदा मोठ्या लढाईत उतरला तो त्याच वर्षी जुलैमध्ये, कुर्स्कला. म्हणजे रंग कितीही सफाईने मारला, तरी राखाडी पँथर तारखेतच फसतो. नव्या पिवळ्यावर मारायचे हिरवा आणि तांबूस तपकिरी हे रंग तुकड्यांना घट्ट लेपाच्या रूपात मिळत. सैनिक ते पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून आपल्या हाताने पट्टे मारत. एखादा पट्टा दाट, एखादा फिका, कडा पसरलेल्या, असं तिथे सर्रास होई. १९४३ च्या उत्तरार्धापासून सुमारे वर्षभर कारखान्यात या गाड्यांवर चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून खरखरीत लेप चढवला जाई आणि सप्टेंबर १९४४ मध्ये तो बंद झाला. गाडी कोणत्या महिन्यातली हे ठरवलं की रंग कोणता, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, नक्षी नेटकी की ओबडधोबड, या तीन प्रश्नांची उत्तरं ब्रश उचलण्याआधीच हाती येतात.

तारखेनंतर माप. चिलखती गाड्यांच्या मॉडेल्समध्ये आज सगळ्यात जास्त चालतं ते एक पस्तिसांश. हे माप कुठल्या शास्त्रातून आलेलं नाही. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ मध्ये लाकडाची गिरणी म्हणून सुरू झाली. १९५१ च्या आगीनंतर ती लाकडी मॉडेल्सकडे आणि तिथून प्लास्टिककडे वळली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने मोटारीवर चालणारा पँथर काढला. मोटार आणि बॅटऱ्या पोटात मावतील इतकं त्याचं धड रुंद हवं होतं. तो आकार नंतर मोजला तर साधारण एक पस्तिसांश भरला, अशी हकिकत कंपनीचे अनेक वर्षांचे प्रमुख शुनसाकु तामिया यांनीच लिहून ठेवली आहे. पुढे इतर देशांतल्या कंपन्यांनी तेच माप उचललं.

या मापात पावणेसहा फुटी सैनिक पाच सेंटिमीटरचा होतो आणि साडेसात मीटर लांबीचा रणगाडा एकवीस सेंटिमीटरच्या आसपास येतो. आता हेच गणित उलटं करून पाहावं. मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा. ब्रशच्या टोकाने सहज पडणारा पाच मिलिमीटरचा गंजाचा ठिपका प्रत्यक्षात जवळजवळ वीतभर. कुंडीतली माती चाळून मॉडेलला लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण इथे पावणेदोन सेंटिमीटरची खडी होऊन बसतो. नवशिक्यांची बहुतेक मॉडेल्स ‘खेळण्यासारखी’ का दिसतात याचं उत्तर इथे आहे. हात थरथरला म्हणून नव्हे, डाग पस्तीसने भागायचा राहिला म्हणून. रंगाचंही तेच. लांबून पाहिलेली वस्तू मधल्या हवेमुळे फिकी दिसते. खऱ्या गाडीच्या डब्यातला गडद हिरवा जसाच्या तसा हातभर अंतरावरच्या मॉडेलला लावला, तर तो काळपट वाटतो. म्हणून अनुभवी लोक मूळ रंगात थोडा फिका रंग मिसळतात.

मग येतो गंज. या छंदातला सगळ्यात लाडावलेला रंग.

गंज लागायला लोखंड लागतं, ही शाळकरी गोष्ट रंगवताना पटकन विसरली जाते. अमेरिकेची एम-११३ ही व्हिएतनामच्या युद्धात सर्वत्र दिसलेली चिलखती गाडी. तिचं धड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आहे. त्या धडाच्या कुशीवरून तांबडे ओघळ सोडलेली कितीतरी मॉडेल्स प्रदर्शनांत दिसतात आणि त्यांना शाबासकीही मिळते. तिथे टवका उडाला तर आत फिका, चंदेरी राखाडी धातू दिसायला हवा. शर्मनच्या चाकांवरून फिरणारे पट्टे हे दुसरं उदाहरण. त्यांचे काही प्रकार पूर्ण पोलादी होते, पण अनेक पट्ट्यांवर रबराचे ठोकळे होते. रबर गंजत नाही, झिजतं आणि धुळीने करडं पडतं. किटच्या खोक्यात कोणते पट्टे आहेत हे न बघता दोन्हींना एकच तपकिरी रंग फासणं ही सर्रास दिसणारी चूक.

पोलादी पट्ट्यांचा न्याय वेगळा. गाडी उभी राहिली की त्यांच्यावर पातळ तपकिरी थर चढतो आणि गाडी चालू लागली की जमिनीला घासणारा भाग पुन्हा लखलखतो. त्यामुळे चालत्या रणगाड्याचे पट्टे सांध्यांत तपकिरी, खाचांत मातकट आणि जमिनीला टेकणाऱ्या कडांवर चकचकीत असे तीन रंगांत दिसतात. खरोखर गंजलेला भाग कामावरच्या रणगाड्यावर एकच, तो म्हणजे सायलेन्सर. उष्णतेने त्याच्यावरचा रंग जळून जातो आणि उघडं पडलेलं लोखंड लगेच तांबडं होतं. बाकीच्या चिलखतावर जाड गंज चढायला वेळ लागतो, आणि युद्धात पुष्कळ गाड्यांना तेवढं आयुष्यच मिळत नसे. टवके उडतात ते माणसांच्या वाटेवर. झाकणांच्या कडा, चढताना बूट टेकतो ती जागा, फावडी आणि दोर बांधायच्या कड्या, मडगार्डचे कोपरे. डिझेल भरायच्या तोंडाशी गडद, ओलसर डाग पडतो. बुरुजाच्या गालावर, जिथे कुणाचा हातही पोहोचत नाही, तिथे टवक्यांची रांगोळी काढण्याला काही आधार नाही.

तारीख ठरवण्याचा हा हट्ट मराठी वाचकासाठी अधिक कामाचा आहे, कारण इथल्या नवशिक्याच्या टेबलावरही बहुधा जर्मनांचे टायगर आणि पँथरच असतात. त्याला कारण आहे. किट त्यांचीच जास्त निघतात, पुस्तकंही त्यांच्यावरच. पण भारतीय लष्कराने वापरलेल्या कितीतरी गाड्या परदेशी कंपन्यांच्या खोक्यांत वेगळ्या झेंड्याखाली मिळतात. स्टुअर्ट, शर्मन, सेंच्युरियन, एएमएक्स-१३, पीटी-७६, टी-५५, टी-७२. सोबतचे आकडे आणि चिन्हं बदलावी लागतील, काही बारीक भाग खटपटीने करावे लागतील. त्या बदल्यात अशा तारखा मिळतात, ज्यांची माती आणि हवा आपल्याला समजू शकते.

पहिली तारीख १ नोव्हेंबर १९४८. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील याची समोरच्या शत्रूला कल्पना नव्हती. गुप्तता राहावी म्हणून वाटेत त्यांचे बुरूज उतरवून नेले होते आणि लष्कराच्या अभियंता दलातल्या मद्रास सॅपर्सनी त्यांच्यासाठी डोंगरातून वाट काढली होती. हा स्टुअर्ट रंगवायचा तर त्याच्यावर वाळवंटी धूळ नको, उष्ण प्रदेशातला लाल चिखलही नको. खडकाचा करडा चुरा, पट्ट्यांत दाबून बसलेलं मळकं बर्फ, आणि दगडांवर घासून चकाकलेल्या कडा. बुरूज उतरवून पुन्हा चढवला आहे, म्हणजे त्याच्या बुडाशी पान्यांचे आणि साखळदंडांचे ओरखडेही समजण्यासारखे.

दुसरी तारीख ८ ते १० सप्टेंबर १९६५, जागा खेमकरणजवळचं असल उत्तर. एका बाजूला पाकिस्तानचे पॅटन, दुसऱ्या बाजूला भारताचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन आणि हलके एएमएक्स-१३. भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडलं होतं, उभ्या उसाचा आडोसा घेतला होता, आणि पॅटन त्या चिखलात रुतले. इथे कोरडी धूळ दाखवणारा पॅटन चुकीचाच ठरेल. पाण्याची ओल धडाच्या किती उंचीपर्यंत चढली आहे, ओला चिखल गडद आणि चमकदार, त्याच्यावरचा अर्धवट सुकलेला फिका, चाकांत अडकलेली उसाची पाती, हे सगळं त्या तीन दिवसांतून आपोआप मिळतं. तोच पॅटन नंतर युद्धात जिंकलेली वस्तू म्हणून एखाद्या छावणीच्या दाराशी उभा केलेला दाखवला, तर चिखल पूर्ण गेलेला हवा आणि वर तेलकट चमकणारा ताजा रंग. गाडी तीच, खुणा दोन टोकांच्या.

तिसरी तारीख १६ डिसेंबर १९७१, शकरगढ भागातली बसंतर नदी. पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन सुरुंगांच्या पट्ट्यातून पार झाले होते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनचं नाव ‘फामागुस्ता’. त्या दिवशी एकवीस वर्षांचे खेत्रपाल त्याच रणगाड्यात मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. फामागुस्ता करायला घेणाऱ्याने नुसती तारीख ठरवून भागत नाही, तासही ठरवावा लागतो. सकाळचा फामागुस्ता हिवाळ्यातल्या पंजाबच्या करड्या-पिवळट गाळाच्या मातीने माखलेला, बाजूच्या पत्र्यांच्या खाली धूळ साचलेली, पण धडधाकट गाडी आहे. गोळा लागल्यानंतरचा वेगळा. आग लागलेल्या गाडीवर रंग जळून जातो, रबर वितळतं, राख पांढुरकी पडते आणि उघडं पोलाद काही दिवसांतच नारिंगी होतं. या दोन स्थितींची सरमिसळ केली की मॉडेल कुठल्याच क्षणाचं राहत नाही. आणि त्या धडात माणसं होती हे भान ठेवून रंगवणारा दुसरी स्थिती उगाच नाट्य म्हणून निवडणार नाही.

आता ब्रश. लागणारं सामान बाजारातले कॅटलॉग दाखवतात त्यापेक्षा बरंच कमी आहे. प्रायमर, गाडीचा एक मूळ रंग, चकचकीत आणि मॅट असे दोन वॉर्निश, दोन-तीन ब्रश, टर्पेन्टाईन, स्पंजचा तुकडा, ४बी पेन्सिल, आणि चित्रकाराच्या तैलरंगाच्या तीन-चार ट्यूब. बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि पांढरा. हे तैलरंग कॅम्लिनचे असले तरी पहिल्या मॉडेलला पुरतात. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या या कंपनीचा ‘कॅमल’ छाप महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात ओळखीचा आहे. बाटलीबंद ‘गंजाचे ओघळ’ हे बऱ्याच वेळा याच रंगद्रव्यांचं तयार, पातळ केलेलं रूप असतं. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर चांगलेच, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलपर्यंत थांबू शकतात. पातळ केलेल्या रंगाचे तीन हात ब्रशने दिले आणि प्रत्येक हात नीट सुकू दिला, तर हिरवा रणगाडा हिरवा दिसायला काही अडत नाही.

कामाचा क्रम मात्र मोडू नये. जोडलेलं मॉडेल साबणाच्या पाण्याने धुवायचं, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेल प्लास्टिकवर राहिलेलं असतं. मग प्रायमर, मग मूळ रंग. त्याच्यावर चकचकीत वॉर्निश, आणि मगच आकडे-चिन्हांचे डीकल. खरखरीत मॅट पृष्ठभागावर डीकल ठेवला तर त्याच्या खाली हवा अडकते आणि तो कागद चिकटवल्यासारखा पांढरट दिसतो. चकचकीत थराचा दुसरा फायदा वॉशला होतो. टर्पेन्टाईनमध्ये अगदी पातळ केलेला गडद तैलरंग रिव्हेटच्या आणि झाकणाच्या फटीशी टेकवला की तो आपोआप खाचेत धावतो. मॅट पृष्ठभाग तोच रंग जागच्या जागी पिऊन डाग धरतो. मूळ रंग ॲक्रिलिक असेल तर वरून टर्पेन्टाईन फिरलं तरी तो सुटत नाही. मूळ रंगही इनॅमल असला तर वॉशबरोबर तोही उचलला जाण्याची भीती असते. तैलरंग आधी तासभर पुठ्ठ्यावर पिळून ठेवला की पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषतो, आणि रंग लवकर, चमक न धरता सुकतो.

टवके स्पंजने उमटवावेत. स्पंजचा लहान तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपायचा आणि मग कडांवर हलकेच टेकवायचा. कडा जिथे हाताने घासल्या जातात तिथे पेन्सिलचं ग्रॅफाइट बोटाने चोळलं की धातूची चमक येते. हिवाळ्यातल्या पांढऱ्या चुन्याच्या रंगाखाली उन्हाळ्याचा रंग डोकावणारी रशियन आघाडीवरची गाडी करायची असेल, तर हेअरस्प्रेची युक्ती आहे. खालचा रंग, त्याच्यावर हेअरस्प्रे, वर पांढरं ॲक्रिलिक. ओल्या ब्रशने घासलं की हेअरस्प्रे विरघळतो आणि पांढरा सालपटांसारखा निघतो. ही युक्ती पुढे सगळ्याच गाड्यांवर वापरली जाऊ लागली. पण ती शोभते जिथे वरचा थर मुळातच तात्पुरता होता तिथे. शेवटी सगळं मॅट वॉर्निशखाली जातं आणि धूळ त्यानंतर येते. त्यासाठी मऊ पेस्टल खडूची पूड कपडगाळ करून चालते. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साईडच, त्यामुळे कोकणातली जांभ्याची वाट किंवा सायलेन्सरचा गंज दाखवायला त्याची चिमूट पुरते.

इथल्या हवेचा एक सल्ला परदेशी पुस्तकांत क्वचित सापडतो. मुंबई-कोकणात जुलैच्या दिवसांत स्प्रेचं मॅट वॉर्निश मारू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्याच्यावर धरते आणि महिनाभराच्या कामावर पांढुरकं धुकं पसरतं. विदर्भात मे महिन्यात संकट उलटं येतं. ॲक्रिलिक ब्रशवरच वाळू लागतं, स्प्रेचे कण पृष्ठभागाला लागायच्या आधी सुकून खरखर धरतात. रंगात तो सावकाश सुकवणाऱ्या रिटार्डरचे थेंब घालावेत किंवा पहाटे काम करावं. स्प्रे मारताना खिडकी उघडी आणि नाकावर वाफ अडवणारा मास्क हवाच. फ्लॅटच्या बंद खोलीत टर्पेन्टाईन आणि लॅकरची वाफ घरातल्या सगळ्यांच्याच छातीत जाते.

एवढं झाल्यावर नवशिका इतरांची कामं पाहू लागतो आणि तिथे त्याला दुसरा चकवा भेटतो, शैलीचा. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या किटसाठी केलेल्या डायोरामांच्या पत्रकांनी एका पिढीला गाडीभोवती प्रसंग उभा करायला शिकवलं. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिन्डन यांनी गडद वॉश आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिका रंग घासण्याचा ड्रायब्रश यांचा ठसठशीत मेळ लोकप्रिय केला. मग २००० नंतर स्पेनमधल्या मिग हिमेनेझ आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी पातळ रंगांचे फिल्टर, कोरडी रंगद्रव्यं आणि एकाच पत्र्यावर उजेड-सावली रंगवण्याची पद्धत रुजवली. त्यातूनच बाटलीबंद चिखलाचा व्यापार उभा राहिला. या प्रत्येकाने छंद पुढे नेला यात शंका नाही. पण प्रत्येक शैली म्हणजे खऱ्या गाडीकडे पाहण्याची एक रीत आहे. तिची नक्कल करणारा नवशिका रणगाडा रंगवत नाही, दुसऱ्याचं मॉडेल रंगवतो, आणि त्यातल्या अतिशयोक्तीही घेऊन येतो. प्रत्येक पत्र्याच्या वरच्या कडेला उजेड आणि खालच्या कडेला अंधार ही चित्रकाराची सोय आहे. भर दुपारच्या उन्हात उभा असलेला टी-५५ तसा दिसत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. हा छंद आहे, इतिहासाची परीक्षा नव्हे. आठवडाभराच्या कामानंतर रविवारी दोन तास रंगात हात घालणाऱ्याला तारखा आणि मातीचे प्रकार कशाला विचारायचे? आनंद वाटतो तसा रंगवू द्या. मुद्दा खरा आहे, आणि ज्याला लाल-निळा रणगाडा करायचा आहे त्याला कुणी अडवू नये. पण वेदरिंग करणारा माणूस मुळात ‘हे खरं वाटावं’ असं म्हणूनच टेबलाशी बसलेला असतो. त्याला खरेपणाची वाट दाखवली तर त्याचा आनंद वाढतो, शिवाय पैसेही वाचतात. तारीख ठरलेली असली की बारा बाटल्यांऐवजी तीन लागतात. दर दिवाळीला मातीचे किल्ले करणारी इथली पोरं हे न शिकवता करतात. कुणी रायगड करतं, कुणी सिंधुदुर्ग, आणि सिंधुदुर्ग केला तर भोवती पाणी आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

मग पाहायचं कुठे? जुने युद्धफोटो बहुतेक कृष्णधवल आहेत. ते गाडीवर धूळ कुठे बसली आणि टवका कुठे उडाला हे नेमकं सांगतात, रंगाची छटा सांगत नाहीत. खरी गाडी पाहणं याला पर्याय नाही. शुनसाकु तामिया १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंडवर जाऊन तिथे ठेवलेल्या रणगाड्यांचे फोटो आणि मापं घेऊन आले, आणि त्यांच्या किटचा दर्जा त्यानंतर बदलला. मराठी माणसाला त्यासाठी एवढ्या लांब जायला नको. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलचं रणगाडा संग्रहालय आहे. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून व्हॅलेंटाईन, चर्चिल, शर्मन, सेंच्युरियन, पॅटन आणि विजयंतापर्यंतच्या गाड्या तिथे हात लावण्याच्या अंतरावर उभ्या आहेत. फामागुस्ताही नगरलाच आर्मर्ड कोरकडे जतन केलेला आहे.

तिथेही डोळे उघडे ठेवूनच पाहावं लागतं. संग्रहालयातला रंग पुरावा नसतो, कारण उघड्यावरच्या गाड्या टिकाव्यात म्हणून त्या पुन्हापुन्हा रंगवल्या जातात. पुरावा असतो तो धातू. ओतीव बुरुजाची खडबडीत त्वचा, वेल्डिंगची जाड शिवण, झाकणाच्या बिजागऱ्या, चाकाच्या रबरी कडेवर रंग का टिकत नाही ते. पावसाचं पाणी कोणत्या कोपऱ्यातून खाली येतं आणि कुठे थांबतं हेही तिथे दिसतं. फक्त ते ओघळ शांतपणे उभ्या असलेल्या गाडीचे आहेत, लढाईतल्या नव्हेत, एवढा फरक वहीत लिहून ठेवला की झालं.

या संग्रहालयाकडून एक मागणी मात्र या छंदाच्या निमित्ताने करायला हवी. गाड्यांसमोरच्या पाट्यांवर नाव, देश, वजन, तोफ अशी माहिती असते. त्यासोबत ज्या गाड्यांची नोंद उपलब्ध आहे त्यांच्यापुरत्या तरी आणखी तीन ओळी द्याव्यात. गाडी कोणत्या रेजिमेंटची, ती शेवटची कोणत्या लढाईत होती, आणि तेव्हा तिचा रंग कोणता होता. रंग पुन्हा देण्याआधी खरवडल्यावर जुने थर दिसतात. त्यांचा एखादा नमुना आणि छटेचा क्रमांक जपून ठेवणं खर्चाचं काम नाही. परदेशी किट भारतीय करताना नवशिक्याला अडतं ते नेमकं याच माहितीपाशी, आणि ती देऊ शकणारी गाडी पुण्याहून तीन तासांच्या रस्त्यावर उभी आहे.